रकाना नसलेली खूण

यंदा पानं लवकर पडायला लागली. ऑक्टोबर अर्धासुद्धा झाला नव्हता आणि घरासमोरचा मेपल एका अंगानं उघडा पडला. सकाळी दार उघडलं की ओल्या पानांचा वास येतो. थोडा चहाच्या चोथ्यासारखा, थोडा जुन्या कागदासारखा. शैला होती तेव्हा म्हणायची, "तुम्हाला हा मोसम कधी आवडलाच नाही. लोक फोटो काढायला व्हरमाँटपर्यंत जातात आणि तुम्ही पडदे ओढून बसता." मी म्हणायचो, गुडघे दुखतात. गुडघे दुखायच्या आधीपासून मी पडदे ओढत होतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

या वर्षी पडदा ओढून भागलं नाही. त्याला कारण झाली कुलकर्ण्यांची अनुष्का.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमाला जोडून पिस्कॅटवेतल्या एका शाळेच्या जिममध्ये तब्येत तपासणीचं शिबिर होतं. एका बाजूला श्रीखंडाचे डबे, दुसऱ्या बाजूला फ्लूच्या सुया. अनुष्का नर्सिंग शिकते. तिनं मला खुर्चीत बसवलं, बाही वर करायला सांगितली आणि खिशातून मोजपट्टी काढून माझ्या दंडाभोवती गुंडाळली.

"काका, तुमचा आर्म एकदम थिन आहे. स्मॉल कफ लागेल."

मी विचारलं, ही मोजपट्टी कशाला?

"आधी आर्म मेझर करायचा, मग कफ पिक करायचा. राँग साइझ लावला तर रीडिंग राँग येतं. हे आम्हाला फर्स्ट वीकलाच शिकवतात." मग तिनं तो कफ, म्हणजे ब्लडप्रेशरचा पट्टा, दंडावर बांधला, आकडा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. "काका, खूप हाय आहे. आर यू ओके?"

मी ठीक नव्हतो. तिला दंड मोजायला चार-पाच सेकंद लागले असतील. त्या चार-पाच सेकंदांचा हिशोब मी जवळजवळ चाळीस वर्षं कुणालाही दिलेला नाही.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी संख्याशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन इथल्या एका विद्यापीठात लागलो होतो. त्या वर्षांत सरकारदरबारी एक गोष्ट उघड बोलली जाऊ लागली होती: कृष्णवर्णीय माणसं गोऱ्यांपेक्षा लवकर मरतात, आणि त्यामागे ब्लडप्रेशरचा मोठा हात आहे. आमच्यापासून अर्ध्या तासावर एक शहर होतं. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे गोऱ्यांची वस्ती, पलीकडे काळ्यांची. पलीकडच्या वस्तीत पन्नाशीतल्या माणसाला पक्षाघात झाला तर कुणाला आश्चर्य वाटत नसे. तिथं काही बायकांनी चर्चच्या तळघरातून एक काम सुरू केलं होतं. न्हाव्याच्या दुकानात आणि बायकांच्या पार्लरमध्ये ब्लडप्रेशर मोजायचं, ज्याचं वाढलेलं असेल त्याला दवाखान्यात पोचवायचं, आणि मग दर आठवड्याला फोन करून विचारायचं, गोळ्या घेतल्यास का. दोन वर्षं सरकारी मदत मिळाली होती. ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे मूल्यमापनावर ठरणार होतं. ते मूल्यमापन माझ्याकडे आलं.

रूफसचं दुकान मला आजही वासासकट आठवतं. दाढीनंतर लावायच्या बे रमचा, गरम टॉवेलचा, केसांना लावायच्या मेणाचा. तीन खुर्च्या. भिंतीवर मुष्टियोद्ध्यांचे फोटो. रूफस उंच, आडवा, पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, आणि अखंड बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या डोक्याकडे पाहून विचारलं होतं, हे कुणी कापलं, तुमच्या शत्रूनं? शैलाच कापायची. मी तसं सांगितल्यावर सगळं दुकान हसलं आणि मी त्यांच्यातला झालो, असं मला वाटलं. पटवर्धन हे नाव त्यांच्या तोंडात बसेना. म्हणून मी डॉक्टर पॅट.

हे सगळं चालवणारी बाई म्हणजे मिस अर्लिन. साठीची, काटक, सकाळी कपड्यांच्या कारखान्यातल्या शिवणयंत्रावर बसून आलेली. मोजपट्टी तिच्या गळ्यात असायचीच, माझ्या आईच्या गळ्यात काळी पोत असायची तशी. त्या पट्टीवर एका ठिकाणी तिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. दंडाचा घेर ठिपक्याच्या पलीकडे गेला की ती निळ्या काठाचा मोठा पट्टा घ्यायची, अलीकडे राहिला तर साधा. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि मोठा पट्टा वापरला असेल तर कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ. सगळी कार्डं सिगारच्या खोक्यात.

ही सुरुवातीची कार्डं आमच्या ऑफिसात संगणकाच्या टर्मिनलवर भरायला आणली, तेव्हा आकडे भरणाऱ्या मुलीनं मला विचारलं होतं, या लाल वर्तुळाचं काय करू? मी फॉर्म पाहिला आणि म्हणालो, "त्याला रकाना नाही. सोडून दे." मी हे अगदी सहज म्हणालो. त्या वेळी मी सँडविच खात होतो.

आता खरी गोष्ट. सुरुवातीची मापं त्या बायकांनी घेतलेली होती. शेवटची मापंही त्यांनीच घ्यावीत, असं आमच्या संचालकांचं मत होतं. ते गोरे, बो टाय लावणारे, सज्जन गृहस्थ. विरोध मी केला. मी म्हणालो, ज्यांचं काम तपासायचं त्यांच्याच हातात मोजमाप कसं द्यायचं? बाहेरच्या नर्स आणाव्यात, सगळ्यांकडे एकसारखी नवी यंत्रं, एकच पट्टा, एकच पद्धत. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली. संचालकांनी बाहेर पडताना पाठीवर थाप मारली.

मला हे का सुचलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. अमेरिकेत येण्याआधी मी विदर्भात कुटुंबनियोजनाच्या पाहणीवर दोन वर्षं काम केलं होतं. घरी बसून भरलेली रजिस्टरं मी पाहिली होती. एकाच शाईत, एकाच बैठकीत, एकाच कंटाळलेल्या अक्षरात वर्षभराच्या भेटी. तेव्हापासून खेड्यातल्या कार्यकर्त्यानं लिहिलेला आकडा म्हणजे फुगवलेला आकडा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो. पण ते अर्धंच आहे. तेव्हा आमच्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत रुळांपलीकडच्या वस्तीबद्दल जे बोललं जायचं, त्यात मीही असायचो. "काळ्यांच्या भागात जातोस? गाडी लॉक करत जा यार." सगळे हसायचे, मीही हसायचो. वर त्यांच्या न्हाव्याचा विनोद सांगून टाळ्या घ्यायचो. मिस अर्लिनच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवला नाही तो फक्त विदर्भातल्या रजिस्टरांमुळे नव्हे. एखाद्या गोऱ्या गावातल्या शिक्षिकेनं तीच कार्डं तशीच भरली असती, तर मी नर्स मागवल्या असत्या का? हा प्रश्न मी या महिन्यात पहिल्यांदा स्वतःला विचारला. उत्तर लगेच आलं. ते किती लगेच आलं, याचाच मला धक्का बसला.

सप्टेंबरात नर्स आल्या. पांढरे बूट, नवी यंत्रं, नवे करकरीत पट्टे. पहिल्याच दिवशी मिस अर्लिननं एक पट्टा उचलून त्याची लांबी आपल्या मोजपट्टीनं मोजली आणि मला बाजूला बोलावलं.

"डॉक्टर पॅट, हा पट्टा आमच्या लोकांच्या दंडाला लहान पडेल. लहान पट्टा खोटं बोलतो. चढवून सांगतो."

मी हसलो. नम्रपणेच हसलो. सगळ्यांना एकच माप लावलं म्हणजे न्याय होतो, असं काहीतरी तिला समजावलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, मी आयुष्यभर बाह्या शिवल्यात, एकाच मापाच्या बाह्या कुणाला होत नाहीत. आणि ती निघून गेली. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: कर्मचाऱ्यांचा किरकोळ विरोध.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल गेला. निष्कर्ष एका ओळीचा होता: कार्यक्रमामुळे ब्लडप्रेशरमध्ये लक्षणीय घट झाल्याचं दिसत नाही. वाक्य रेखीव आलं म्हणून मी खूश होतो.

त्यानंतरच्या शनिवारी सिगारचं खोकं परत द्यायला रूफसच्या दुकानात गेलो. पानं गळत होती. दुकानाच्या दारात कुणीतरी ती झाडून ढीग केला होता आणि वारा पुन्हा आत आणत होता. मिस अर्लिन तिथंच होती. अहवालात काय आहे ते तिला कळलेलं असावं. तिनं काही विचारलं नाही. रूफसला त्याच्याच खुर्चीत बसवलं. आधी तिचा निळ्या काठाचा पट्टा लावला, आकडा मला वाचायला लावला. मग थोडं थांबून, आमच्या नर्सनी विसरलेला पट्टा लावला. तो त्याच्या दंडाभोवती जेमतेम पोचत होता. आकडा मला वाचायला लावला. मग पुन्हा तिचा.

मधला आकडा आधीच्या आणि नंतरच्यापेक्षा अठरानं जास्त होता.

रूफसनं काहीतरी विनोद केला. मी इतका देखणा आहे की यंत्रसुद्धा गडबडतं, असं काहीसं. कुणी हसलं नाही. समोरच्या आरशात मला माझंच तोंड दिसत होतं, अर्धवट उघडं. कार्डांवरची ती लाल वर्तुळं मला एकाएकी दिसायला लागली. पहिलं माप मोठ्या पट्ट्यानं, म्हणून खरं. शेवटचं लहान पट्ट्यानं, म्हणून चढवलेलं. त्यांचं प्रेशर उतरलं होतं आणि आम्ही ते पट्ट्यानं परत चढवून ठेवलं होतं.

खोकं मी परत दिलंच नाही. बगलेत धरून गाडीकडे आलो.

सोमवारी आकडे भरणाऱ्या मुलीला काही न सांगता मी स्वतः टर्मिनलवर बसलो आणि एक नवा रकाना घातला. वर्तुळ आहे, वर्तुळ नाही. चार दिवस लागले. शुक्रवारी दुपारी हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो लांबलचक कागद प्रिंटरमधून खडखडत बाहेर आला. ज्यांच्या कार्डावर वर्तुळ नव्हतं, म्हणजे ज्यांना दोन्ही वेळा योग्य पट्टा लागला होता, त्यांचं प्रेशर उतरलेलं होतं. थोडंथोडकं नव्हे, स्वच्छ दिसण्याइतकं. आणि वर्तुळवाले होते तिथंच. त्या वस्तीत वर्तुळवालेच जास्त. त्यांच्या खोट्या आकड्यांनी बाकीच्यांचे खरे आकडे बुडवले होते. वर्तुळवाल्यांचं नक्की किती उतरलं ते सांगता येत नव्हतं. पण कार्यक्रम निष्फळ आहे असं म्हणायला आता काहीच आधार उरला नव्हता.

मी संचालकांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, चष्मा पुसला. ते म्हणाले, अहवाल गेला आहे, आता मागे घेतला तर सगळ्या विभागाची अब्रू जाईल, आणि प्रत्येक अभ्यासात काही ना काही डाग असतोच, बैठकीसाठी छापायच्या प्रतीत एक तळटीप घाला. त्यांनी मला धमकी दिली नाही. उलट माझ्या ग्रीन कार्डाचं कसं काय चाललंय, म्हणून आपुलकीनं चौकशी केली. ग्रीन कार्डाच्या कागदांवर सही त्यांची होती.

घरी शैलाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहवाल चुकला तर अहवाल दुरुस्त करतात. त्यांचे दंड थोडेच दुरुस्त करणार आहात?" तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तव्यावरची पोळी फुगली, खाली बसली. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं, ग्रीन कार्ड आलं की सांगा." ते वाक्य तिनं म्हटलं खरं, पण मी चेहऱ्यानं मागितलं म्हणून. ती गेली तेव्हापासून मी ते तिच्यावर ढकलत होतो. इथं परत घेतो.

तळटीप मी घातली. बारीक टाइपात, शेवटून दुसऱ्या पानावर: काही मोजमापांत पट्ट्याच्या आकारातील फरकाचा परिणाम असू शकतो. 'असू शकतो.' माझ्याजवळ असलेला कागद सांगत होता की आहे.

नोव्हेंबरात निर्णयाची बैठक झाली. मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसलो होतो. तळटीप कुणी वाचली नाही. कुणी काही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला पटवत आलो. कुणी विचारलं नाही. मदत बंद झाली. बाहेर झाडं पूर्ण उघडी झाली होती आणि पार्किंगमध्ये एक माणूस यंत्रानं पानं उडवत होता. त्या आवाजात संचालक मला काहीतरी बरं बोलले. मी मान डोलावली.

ग्रीन कार्ड पुढच्या उन्हाळ्यात आलं. आम्ही पेढे वाटले.

आणि त्याच्या पुढच्या पानगळीत मी रूफसच्या दुकानात गेलो. सांगायला गेलो होतो, असं लिहावंसं वाटतं. खरं म्हणजे त्या बाजूला काम होतं आणि पाय वळले. त्याच्या खुर्चीवर दुसराच कुणी केस कापत होता. रूफस आरशाशेजारच्या बाकावर बसला होता. उजवा हात मांडीवर पालथा, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं. जुलैत झटका आला होता. मिस अर्लिनचे फोन बंद झाले, तिची दवाखान्याची फेरी बंद झाली. मग गोळ्या आज राहिल्या, उद्या राहिल्या. त्याच्या शेजाऱ्यानं मला हे सांगितलं, रूफसला नीट बोलता येत नव्हतं. मला पाहून त्यानं डावा हात उचलला आणि माझ्या डोक्याकडे बोट केलं. शैलानं कापलेल्या केसांकडे. तो हसत होता.

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. काचेवर पानं चिकटली होती. वायपर लावले तर ती फाटून आणखीच पसरली.

कार्यक्रम चालू असता तर रूफस वाचला असता का, हे मला सांगता येणार नाही. एका माणसाबद्दल आकडे काही सांगत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर ते वाक्य लिहिताना प्रत्येक वेळी मला तो पालथा हात दिसला. रूफस दोन वर्षांनी गेला. मला तेही उशिरा कळलं.

अनुष्काच्या शिबिरानंतरच्या शनिवारी मी घराच्या तळघरातून तो प्रिंटरचा कागद काढला. हिरवे पट्टे फिके झालेत, कडेची भोकं फाटलीत, शाई मात्र वाचता येते. हायवेवर मी आता गाडी घालत नाही. आतल्या रस्त्यांनी तासभर घेत त्या शहरात गेलो. रूफसच्या दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चर्च तिथंच आहे. दारावर हातानं लिहिलेला कागद होता: ब्लडप्रेशर, शनिवारी, तळघरात.

मी त्या कागदासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला जिना उतरायला मदत हवी का, म्हणून विचारलं.

खाली टेबल, दोन खुर्च्या, कॉफीचा थर्मास. भिंतीवर मिस अर्लिनचा फोटो, रविवारी चर्चला घालायची टोपी घातलेला. टेबलामागच्या बाईच्या गळ्यात मोजपट्टी होती, त्यावर लाल ठिपका. ती साठीची असेल, मिस अर्लिन तेव्हा होती तेवढी. तिनं माझा दंड मोजला, लहान पट्टा निवडला आणि विचारलं, पहिल्यांदाच येताय? मी म्हणालो, नाही. मग जे सांगायचं ते सगळं सांगितलं. नर्स, पट्टा, वर्तुळं, तळटीप, ग्रीन कार्ड. ती हातात पंप धरून ऐकत होती. मिस अर्लिनच्या हाताखाली ती शिकली होती. तिनंच मग सांगितलं की रूफस गेल्यानंतरच्या आठवड्यात मिस अर्लिननं हे टेबल परत मांडलं. कुणाच्याही मदतीशिवाय. गाडी नाही, फोन करायला माणसं नाहीत, निदान मोजमाप तरी. ते आजपर्यंत एकाही शनिवारी बंद पडलेलं नाही.

मी कागदाची गुंडाळी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उलगडली नाही.

"यात काय आहे ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं," ती म्हणाली. "अजून कुणाला सांगितलंत?"

मी म्हणालो, बायको आणि संचालक सोडले तर कुणालाच नाही.

"मग इथं कशाला आणलंत?"

हे ती रागावून म्हणाली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. मलाही त्या क्षणी कळेना. क्षमा मिळेल म्हणून आलो होतो की काय? तिनं माझा आकडा लिहून कार्ड माझ्या हातात दिलं, डॉक्टरला नक्की दाखवा म्हणून बजावलं, आणि माझ्या मागे बसलेल्या माणसाला हाक मारली. मी गुंडाळी उचलून जिना चढलो.

त्या कागदाची एक प्रत मी सरकारी खात्याला पाठवली आहे, एक विद्यापीठाला, सोबत सहीचं पत्र. त्यांचं काय करायचं ते ते ठरवतील. मंडळाच्या अंकासाठी हा लेख लिहितो आहे, कारण त्या जेवणावळींत हसणारे आम्ही सगळेच आता सत्तरी-ऐंशीत आहोत, आणि आमची मुलं-नातवंडं दवाखान्यांत डॉक्टर आहेत, नर्स आहेत.

चर्चमधलं कार्ड समोर टेबलावर आहे. त्यावर पहिलाच छापील रकाना दंडाच्या घेराचा आहे, नावाच्याही आधी. त्याच्याकडे बघत हे लिहितो: मिस अर्लिनचा कार्यक्रम निष्फळ नव्हता. निष्फळ ठरवणारं वाक्य माझं होतं. ते खोटं आहे हे मला त्याच ऑक्टोबरात, अहवाल गेल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी कळलं होतं, आणि निर्णयाची बैठक त्यानंतर झाली.